करमायलंय का, अण्णा?

पेसमेकर बसवून माणूस घरी येतो. नाडी मोजणारे, बीपी बघणारे, पथ्य सांगणारे घरभर असतात. त्याच्या मनाची चौकशी करायला मात्र कुणाला सुचत नाही.

मोबाईलची बॅटरी दहा टक्क्यांवर आली की आपण मीटिंग अर्धवट सोडून चार्जर शोधत फिरतो. आता हीच बॅटरी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत शिवून टाकलीय असं समजा. चार्जर नाही. किती उरली ते दाखवणारा स्क्रीन नाही. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगतोय, 'जपा बरं का, ते बंद पडलं की संपलं!' लागेल झोप?

अण्णांना लागत नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील. मी पुण्यात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. ते पोखर्णीत. परभणीहून गंगाखेडकडे निघालं की अठरा-वीस किलोमीटरवर आमचं गाव. नृसिंहाचं जुनं देऊळ आहे, म्हणून रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा 'पोखर्णी नृसिंह'. वैशाखात नृसिंह जयंतीला गाव माणसांनी फुलून जातं. एरवी कापूस, सोयाबीन आणि पावसाची वाट. अण्णांचं सगळं आयुष्य या तीन गोष्टींत आणि भजनी मंडळात गेलं. टाळ त्यांच्या हातात असले की मृदंगवाल्यानेही त्यांच्याकडे बघून वाजवावं, असा त्यांचा ठेका.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन कापूस वेचणीत, ते बांधावर कोसळले. दोन मिनिटांत उठून बसले आणि म्हणाले, 'पित्त झालं.' आठवड्याने पुन्हा तेच. ईसीजी काढला तेव्हा नाडी 34. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारा विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. डॉक्टरी भाषेत 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक'. इथे हमखास एक घोळ होतो. 'ब्लॉक' म्हटलं की सगळ्यांना अँजिओप्लास्टी आठवते. पण तो बिघाड नळाचा, हा वायरिंगचा. यावर पेसमेकरला पर्याय नव्हता. शहरातल्या एका हॉस्पिटलात तो बसवला. तेवढ्या जागेपुरती भूल, तासाभराचं काम, तिसऱ्या दिवशी घरी. नाडी 70. सगळे खूष. मी ऑफिसात पेढे वाटले.

छातीतला इन्व्हर्टर

पेसमेकर म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यात झकास समजावलं ते परभणीच्या एका कंपाउंडरने. 'इन्व्हर्टर आहे हो. लाइन असली की गप बसतो, लाइन गेली की सुरू होतो.' त्यावर अण्णा पटकन म्हणाले, 'आमच्याकडं लाइन असती कवा?' भारनियमनात उमेद गेलेल्या माणसाचा विनोद. पण त्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. त्यांची लाइन कायमची गेलेली, जवळजवळ प्रत्येक ठोका मशीनचा.

डबी जेमतेम 25-30 ग्रॅमची. आत लिथियमची बॅटरी आणि इवलंसं सर्किट. तिथून एक किंवा दोन वायरी, म्हणजे लीड, शिरेतून हृदयात उतरतात. अण्णांना एकाच लीडचा बसवला होता. बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षं चालते. आणि ती फ्यूज उडाल्यासारखी अचानक जात नाही. संपत आली की तपासणीत काही महिने आधीच कळतं, मग डबी बदलतात. हे शेवटचं वाक्य प्रत्येक पेशंटला डिस्चार्जच्या दिवशी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला मिळाला तो इंग्रजी कागद.

हा सगळा प्रकार सुरू झाला 8 ऑक्टोबर 1958 ला, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलात. आर्ने लार्सन नावाचा 43 वर्षांचा माणूस दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडायचा. त्याची बायको सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनियर रुने एल्मक्विस्ट यांच्या हात धुऊन मागे लागली. शेवटी त्यांनी घाईघाईत बनवलेलं मशीन त्याच्या पोटात बसवलं. ते काही तासांतच बंद पडलं. मग दुसरं लावलं. पुढे आयुष्यभरात या गृहस्थाने वीसच्या वर पेसमेकर वापरले आणि 2001 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी गेला. तोही कॅन्सरने. मशीन बनवणारा आणि बसवणारा, दोघंही त्याच्या आधी गेले होते.

ही स्टोरी मी अण्णांना फोनवर रंगवून सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, 'त्याला रात्री झोप यायची का गं?'

भीतीची यादी

अण्णा फोन हात लांब करून, स्पीकरवर टाकून बोलायचे. त्यामुळे माझ्या पगारवाढीची बातमी अख्ख्या गल्लीला एकदमच कळली. मोबाईल डबीपासून सहा इंच लांब असला की पुरे, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. उजव्या कानाला लावा आणि डाव्या खिशात ठेवू नका, बास. हल्लीच्या काही फोनमध्ये आणि इअरफोनच्या डबीत लोहचुंबक असतं, म्हणून खिशाचा नियम जरा कडक पाळायचा.

पण फोन हा यादीतला फक्त पहिला नंबर. मिक्सर सुरू झाला की ते अंगणात. टीव्हीचा रिमोट हातात घेणार नाहीत. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबायचा नाही, म्हणून शेतात जाणंच बंद. आभाळात वीज चमकली की घोंगडी पांघरून आत. नातू धावत आला की दोन्ही हात पुढे करून त्याला लांबच थोपवायचे, 'मशीनला लागंल.' तीन वर्षांचं पोर. त्याला वाटलं आजोबा रागावले.

यातल्या बहुतेक गोष्टींना डॉक्टरांकडे एका ओळीचं उत्तर असतं. मिक्सर, टीव्ही, रिमोट, मायक्रोवेव्ह खुशाल वापरा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहा. अर्थिंग नीट असेल तर मोटार चालू करायला हरकत नाही, फक्त चालू मोटारीला किंवा जनरेटरला चिकटून उभं राहू नका. वेल्डिंग करू नका. डीजेच्या स्पीकरला टेकून बसू नका, त्यात मोठं चुंबक असतं. (आवाजामुळे टेकून बसू नका हे मी सांगतेय.) एमआरआय काढायची वेळ आली तर आधी कार्ड दाखवा.

पण विचारणार कोण? मोठ्या डॉक्टरांपुढे अण्णांची पिढी फक्त मान डोलावते. प्रश्न घरी आल्यावर पडतात, आणि त्यांची उत्तरं पारावर मिळतात.

डाव्या हाताची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ही सूचना असते चार ते सहा आठवड्यांसाठी, लीड आत नीट रुजेपर्यंत. अण्णांनी तो हात तब्बल सात महिने बरगडीला चिकटवून ठेवला. सदरा घालायला आई लागायची. खांदा आखडला, ज्याला आपण फ्रोजन शोल्डर म्हणतो. पेसमेकरवाल्यांमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं, आणि ते मशीनमुळे नाही, हात न हलवल्यामुळे होतं. आता टाळ एका हाताने वाजत नाहीत. भजनाला जाणं सुटलं. मंडळातले लोक चार वेळा बोलवायला आले, पाचव्या वेळी आले नाहीत.

मशीन चालू, माणूस बंद

पुण्यातून रोज रात्री साडेनऊला माझा फोन. 'जेवलात? गोळ्या घेतल्या? नाडी?' 'घेतल्या. सत्तर.' अशा फोनमध्ये सगळं ठीकच असतं. गावी खरं काय चाललंय हे ओळखलं ते वहिनीने. तिच्याकडे साधा हिशेब होता. पूर्वी अण्णा सकाळी दोन भाकरी खायचे, आता अर्धी उरते. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतात. कापसाला काय भाव लागला, हेसुद्धा विचारत नाहीत. 'ताई,' ती म्हणाली, 'परभणी जिल्ह्यातला माणूस कापसाचा भाव विचारंना, म्हणजे कायतरी बिघडलंय.'

आपल्याकडे 'डिप्रेशन' हा शब्द ऑफिसात दिवसातून दहा वेळा येतो. अप्रेझल खराब गेलं, डिप्रेशन. विकएंडला पाऊस, डिप्रेशन. अण्णांच्या तोंडात हा शब्द कधीच येणार नाही. त्यांच्या पिढीचा शब्द आहे 'करमत नाही'. किती साधा वाटतो! आपण तो ऐकतो आणि म्हणतो, मग टीव्ही बघा. खरं तर आजाराचं मुख्य लक्षण त्यांनी आपल्याला नेमक्या मराठीत सांगितलेलं असतं.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्येच सुचवलं होतं, की हृदयविकाराच्या पेशंटना निदान दोन प्रश्न विचाराच. मागच्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतं का? हार्ट अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला गंभीर डिप्रेशन येतं, हे त्यामागचं कारण. पेसमेकरचं चित्र इतकं वाईट नाही. बहुतेकांना मशीननंतर बरंच वाटतं. चक्कर थांबते, दम टिकतो, माणूस कामाला लागतो. पण 'बहुतेकांना' या शब्दाच्या बाहेर जे उरतात, त्यांची पंचाईत अशी, की सगळं जग त्यांना नशीबवान म्हणत असतं. अशा वेळी करमत नाही म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

आणखी एक. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलंय, त्यामुळे हृदय आणि मनाचं नातं मराठी वाचकाला नवं नाही. पण तो आजार वेगळा. तिथे खाणं बदला, चाला, ध्यान करा, असं पेशंटच्या हातात काहीतरी असतं. वायरिंग बिघडलेल्या माणसाचं बहुतेक वेळा काही चुकलेलंच नसतं, त्यामुळे सुधारण्यासारखंही काही नसतं. काम सगळं मशीन करणार, त्याने फक्त घाबरायचं.

एसटीतली धडधड

आता ही बाजू नीट वाचा, कारण इथे भलेभले फसतात. अण्णांची एक तक्रार होती. परभणीला जाताना एसटीत छाती धडधडते, घाम येतो. घरातल्या सगळ्यांचं निदान एकच: भीती. गावातल्या डॉक्टरांचंही तेच. 'मनात आणू नका काका.' अण्णांनी एसटीत बसणंच सोडलं.

2022 च्या जूनमध्ये दादा त्यांना तपासणीला घेऊन गेला. छातीवर एक चपटी वस्तू ठेवतात, आणि मशीनने गेल्या काही महिन्यांत काय काय केलं त्याचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर दिसतो. कापाकापी नाही, सुई नाही. त्यात दिसलं, की अण्णांचे ठोके मधूनच चढत होते, आणि ते चढवत होतं मशीनच! झालं असं, की अशा डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. तुमच्या मोबाईलमध्ये पावलं मोजतो तसलाच. माणूस चालायला लागला, की सेन्सरला वाटतं मालक कामाला लागलाय, ठोके वाढवा. एसटी खड्ड्यांतून उडत चालली, की त्याला वाटायचं मालक पळत सुटलाय. अण्णा सीटवर बसलेले आणि काळीज शर्यतीत. टेक्निशियनने डॉक्टरांना विचारून सेन्सरची संवेदनशीलता कमी केली. पाच मिनिटांचं काम.

असाच आणखी एक प्रकार आहे, त्याला 'पेसमेकर सिंड्रोम' असंच नाव आहे. एका लीडचं मशीन फक्त खालच्या कप्प्याला हलवतं, वरच्या कप्प्याशी त्याचा ताळमेळ बसेलच असं नाही. तो बिघडला की थकवा येतो, मानेत ठोके जाणवतात, चक्कर येते, जीव घाबरा होतो. खर्चामुळे आपल्याकडे एका लीडची मशीनं आजही बरीच बसवली जातात. हा त्रास सेटिंग बदलून किंवा दुसरी लीड घालून कमी करता येतो. पण त्यासाठी कुणीतरी तो मशीनच्या खात्यावर टाकायला हवा. म्हणून घाबरं होणाऱ्या पेसमेकरवाल्याला समुपदेशन सुरू करण्याआधी एकदा डबी वाचून घ्या.

मात्र आमच्या बाबतीत सेन्सर नीट झाला, तरी पहाटे तीनची ओसरी सुटली नाही. अर्धी भाकरी उरतच राहिली. त्याचं उत्तर डबीत नव्हतं.

वहिनीने परभणीतल्या मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. घरात सांगितलं, 'झोपेचे डॉक्टर आहेत.' अण्णांना बाहेरची पाटी वाचता येते. वाचली, वहिनीकडे बघितलं, आणि काही न बोलता आत गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: 'काका, करमायलंय का?' आमच्याच बोलीत. अण्णा, जे गेल्या सात महिन्यांत 'बरंय' यापलीकडे बोलले नव्हते, ते अर्धा तास बोलले. बांधावर पडले तेव्हा आपण मेलोच होतो, आता जे चाललंय ते उसनं आहे, असं त्यांना रोज वाटायचं. डोळा मिटला की परत पडल्यासारखं व्हायचं, म्हणून झोपायचेच नाहीत. आईला हे चाळीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही तिला वहिनीकडूनच कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात, एवढं पक्कं लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांना पेसमेकरबद्दल पहिल्याच भेटीत सांगायचं, कारण जुन्या पठडीतली काही औषधं हृदयाच्या वायरिंगवर परिणाम करतात. सोबत खांद्याचा व्यायाम आला आणि डॉक्टरांनी दिलेला गृहपाठ: आठवड्याला यादीतली एक भीती खोडायची. पहिल्या आठवड्यात मिक्सर. आई चटणी वाटत होती आणि अण्णा शेजारी पाटावर बसून होते, परीक्षेला बसल्यासारखे. मोटारीच्या स्टार्टरला पाच आठवडे लागले. नातवाला मांडीवर घ्यायला त्याहून जास्त, कारण आता नातूच यायला तयार नव्हता.

पेसमेकरचं एक थोरलं भावंड आहे, एआयसीडी. हृदयाची लय जीवघेणी बिघडली, की ते आतून शॉक देतं. ज्यांना तो शॉक बसलाय ते सांगतात, छातीत लाथ बसल्यासारखं वाटतं. इथे मनाचा प्रश्न फार मोठा आहे. साधारण पाचातल्या एकाला चिंता किंवा नैराश्याचा त्रास होतो. काहींना तर झोपेत शॉक बसल्याचा भास होतो आणि मशीन तपासलं तर त्याने काहीच केलेलं नसतं. आपल्या घरात हे मशीन असेल, तर शॉक बसायची वाट न बघता, बसवतानाच मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील गावी आहेत, आणि आपण व्हिडिओ कॉलवर त्यांची तब्येत सांभाळतो. त्यात एक बदल करून बघा. नाडीच्या आधी दिवस विचारा. आज कुणाकडे गेलात? शेतात काय चाललंय? रात्री कितीला जाग आली? पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या भीतीची यादी कागदावर लिहून द्या, म्हणजे डॉक्टरांपुढे मान डोलावायची वेळ येत नाही. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली सरकारी टेलिमानस सेवा आहे. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

अण्णांच्या यादीतला एक प्रश्न मात्र बरेच महिने कुणाला ऐकू आला नव्हता. गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं, मशीन असलं की जीव जात नाही, माणूस नुसता धडपडत राहतो. 2023 च्या तपासणीला त्यांनी तो स्वतःहून विचारला. दादा म्हणतो, डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, 'काका, मशीन फक्त इशारा देतं. स्नायू थकला की तो इशाऱ्याला दाद देत नाही. तुमची वेळ आली की हे तुम्हाला अडवून ठेवणार नाही.' अण्णांनी पुढचं विचारलं, 'आणि सरणावर?' त्याचंही उत्तर मिळालं. दहनाआधी डबी काढून घेतात, कारण आगीत बॅटरी फुटते. छोटीशी चीर, हॉस्पिटलात काढून देतात.

घरी आल्यावर अण्णांनी पेसमेकरच्या कार्डासोबत एक चिठ्ठी ठेवली. बॉलपेनने, ठळक अक्षरात: 'अग्नी देण्याआधी डबी काढणे.' आई ते वाचून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अण्णांनी चिठ्ठी पाकिटात घातली आणि भजनाला उशीर होतोय म्हणून दादाकडे मोटारसायकलची किल्ली मागितली. दादाने किल्ली दिली नाही. तोच त्यांना देवळापर्यंत सोडून आला.